गुडघेदुखीची ट्यूब आणि तिच्या शेजारच्या गोळ्या : परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकू. गुडघा किंवा हाताची बोटं झिजेच्या संधिवाताने दुखत असतील, तर आधी हात घालायचा तो डायक्लोफिनॅकच्या साध्या जेलला, गोळ्यांच्या स्ट्रिपला नव्हे. जेलला पाचपैकी चार तारे. कापलेला तारा औषधाचा नाही, वेष्टनाचा आहे: नेमकं किती लावायचं ते बहुतेक ट्यूब हातात घेऊन कळतच नाही. गोळ्यांना मात्र सरसकट एक गुण देता येत नाही. जी गोळी एकाला महिनोन्‌महिने निमूट साथ देते, तीच दुसऱ्याला आठवड्याभरात रक्ताची उलटी घडवू शकते. म्हणून खाली गोळीबरोबर घेणाऱ्याचंही परीक्षण आहे.

जेलपासून सुरुवात करू. बहुतेक जण ती डोक्याच्या बामसारखी वापरतात. वाटाण्याएवढी बोटावर घ्यायची, खसाखसा चोळायची, गार वाटलं की झालं. महिन्याभराने शेरा ठरलेला: 'काही उपयोग नाही.' उपयोग कुठून होणार? १ टक्क्याच्या जेलची मात्रा गुडघा, घोटा किंवा पाऊल यांना एका वेळी ४ ग्रॅम आणि कोपर, मनगट किंवा हात यांना २ ग्रॅम आहे, तीही दिवसातून चार वेळा. ज्या पाकिटात मापाची पट्टी येते तिच्यावर ४ ग्रॅम म्हणजे जवळपास साडेअकरा सेंटिमीटर लांबीची रेघ असते, २ ग्रॅम म्हणजे तिच्या निम्मी. पट्टी नसेल तर अंदाजावर जाऊ नका, कारण प्रत्येक ट्यूबचं तोंड सारख्या जाडीचं नसतं. डिजिटल काट्यावर ट्यूब ठेवा, एक रेघ पिळून काढा, ट्यूब पुन्हा तोला. वजन ४ ग्रॅमने उतरलं की ती रेघ किती लांब झाली ते डोळ्यात बसवून घ्या. हे एकदाच करायचं काम आहे.

आता हिशेब मांडा. एका गुडघ्याला दिवसाला १६ ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही आणि १०० ग्रॅमची सहा दिवसांत संपते. तुमची छोटी ट्यूब महिनाभर पुरत असेल तर औषध फसलेलं नाही, ते सांध्यापर्यंत पोचलेलंच नाही. दोन्ही गुडघ्यांना पूर्ण मात्रा लावली की ३२ ग्रॅम होतात, आणि संपूर्ण शरीराची दिवसाची कमाल मर्यादाही तेवढीच आहे. त्या दिवशी बोटांसाठी काही शिल्लक राहत नाही.

पाकिटावरच्या टक्क्यांचा घोळही इथेच सोडवून टाकू. '१ टक्का डायक्लोफिनॅक सोडियम' आणि '१.१६ टक्के डायक्लोफिनॅक डायइथिलअमाइन' यांत औषध तेवढंच असतं, फक्त क्षार वेगळा. २.३२ टक्क्यांची जेल दुप्पट तीव्रतेची, म्हणून ती सकाळ-संध्याकाळ दोनदाच लावतात. मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट घातलेली मिश्रणं लावल्या लावल्या जास्त 'कामाची' वाटतात. पण तो गारवा किंवा ती चुणचुण म्हणजे सूज उतरणं नव्हे. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर मिथाइल सॅलिसिलेटचं मलम भरपूर चोळल्यानेही रक्तस्रावाचा धोका वाढतो. मलमच तर आहे, म्हणून सोडून देऊ नका.

लावायची रीत सोपी आहे, पण दोन-तीन ठिकाणी हमखास चुकते. त्वचा धुऊन कोरडी करा. जेल सांध्याच्या चारही बाजूंनी लावा. गुडघ्याच्या वाटीवर ठिपका ठेवून भागत नाही. हलक्या हाताने पसरवा, जोर लावायची गरज नाही. कपडा चढवण्याआधी दहा मिनिटं थांबा आणि तासभर ती जागा धुऊ नका. गुडघ्याला लावलं असेल तर हात लगेच धुवायचे. बोटांनाच लावलं असेल तर मात्र तासाभराने, आणि तोवर डोळ्यांना हात लावायचा नाही. वरून घट्ट पट्टी, गरम पाण्याची पिशवी किंवा शेकायचा पॅड नको, कारण उष्णतेने आणि झाकल्याने औषध रक्तात जास्त शिरतं. जखम, पुरळ किंवा खरचटलेल्या जागी लावू नका, आणि लावलेल्या भागावर थेट ऊन घेऊ नका. घरात मांजर असेल तर आणखी एक सांभाळा. डायक्लोफिनॅकच्याच कुळातलं फ्लुर्बिप्रोफेनचं मलम माणसाच्या त्वचेवरून मांजरांच्या पोटात जाऊन त्या दगावल्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१५ मध्ये इशारा दिला होता. लावलेला गुडघा मांजरीला चाटू देऊ नका.

परिणाम पहिल्याच दिवशी शोधू नका, सात दिवस द्या. डॉक्टरांना न विचारता स्वतःहून वापरायचं तर २१ दिवस ही मर्यादा. अपेक्षाही बेताची ठेवा. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) डायक्लोफिनॅक लावणाऱ्या दहांपैकी सहांना दुखण्यात चांगला उतार पडला, तर नुसती औषधाविना जेल लावणाऱ्या दहांपैकी पाचांना. फरक लहान दिसतो, पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमत त्याहून लहान आहे: एका गुडघ्याला पूर्ण मात्रा लावूनही रक्तात उतरणारं औषध गोळ्यांच्या सुमारे ६ टक्के असतं. मुख्य तक्रार म्हणजे त्वचा कोरडी पडणं किंवा खाजणं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात गुडघ्याच्या झिजेसाठी लावायचं औषध गोळीच्या आधी ठेवलं, ते याच गणितावर. खुब्याला मात्र जेल लावण्यात अर्थ नाही. तो सांधा मांसाखाली फार खोल आहे. पाठ आणि खांदा यांवरही १ टक्क्याच्या जेलची नीट पारख झालेली नाही.

जेल पुरली नाही, सांधे बरेच आहेत, किंवा खुबा दुखतोय, तर गोळी लागते. ही सगळी औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. अडचण अशी की सांध्यात सूज आणणारी हीच रसायनं पोटाचं अस्तर राखतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. त्यामुळे 'साइड इफेक्ट नसलेली' सूजनाशक गोळी कुणी विकत असेल तर पाकीट परत ठेवा. गुण आणि दोष एकाच कामातून येतात.

लोक गोळ्यांची वाटणी 'कडक' आणि 'हलकी' अशी करतात. ती टाकून द्या. योग्य मात्रेत दुखणं कमी करण्यात या गोळ्यांमध्ये फार अंतर नाही. अंतर आहे ते त्या कुणाला कुठे इजा करतात यात.

आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, म्हणजे १२०० मिलिग्रॅम, या मर्यादेत पोटाला तुलनेने सौम्य. डॉक्टर ती मात्रा वाढवू शकतात, पण २४०० पर्यंत गेलं की हृदयाचा धोका वाढतो आणि 'सौम्य' हे विशेषण गळून पडतं. नॅप्रोक्सेन २५० ते ५०० मिलिग्रॅम दोनदा. शरीरात बराच वेळ टिकते, त्यामुळे सकाळचा आखडलेपणा असणाऱ्यांना रात्रीची गोळी सोयीची पडते. हृदयाच्या बाबतीत या कुळात तिचं नाव त्यातल्या त्यात बरं, पोटाच्या बाबतीत आयब्युप्रोफेनपेक्षा वाईट. डायक्लोफिनॅकची गोळी दिवसाला जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. ज्या औषधाच्या जेलला चार तारे दिले त्याच्याच गोळीला दोन. हृदयविकार, हार्ट फेल्युअर, पक्षाघात किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा अडथळा असलेल्यांना ही गोळी द्यायची नाही, असं युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये ठरवलं. अॅसिक्लोफिनॅक तिची सख्खी बहीण, त्यामुळे तिलाही तेच नियम लावा.

सेलेकॉक्सिब झिजेसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅम. पोटातल्या अल्सरचा धोका कमी करण्यासाठीच हा 'कॉक्सिब' गट तयार झाला. त्याच गटातली रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या झटक्यांमुळे सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावी लागली, तेव्हापासून सेलेकॉक्सिबकडेही संशयाने पाहिलं गेलं. पुढे २४ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या प्रिसिजन चाचणीत, ज्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, मध्यम मात्रेतली सेलेकॉक्सिब हृदयाच्या बाबतीत आयब्युप्रोफेन आणि नॅप्रोक्सेनपेक्षा वाईट ठरली नाही. पोट नाजूक पण हृदय ठीक असेल तर आमची पसंती हिला. हृदयविकार असणाऱ्याने तरीही स्वतःहून घ्यायची नाही. एटोरिकॉक्सिब झिजेसाठी ३० ते ६० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. १२० मिलिग्रॅमची गोळी फक्त गाउटच्या (युरिक आम्ल साठून होणाऱ्या संधिवाताच्या) तीव्र झटक्यासाठी आणि तीही आठ दिवसांच्या वर नाही. गुडघ्यासाठी रोज १२० घेणारे भेटतात. एकदा कुणी दिलेली स्ट्रिप पुन्हा पुन्हा आणली जाते, एवढंच त्याचं कारण. रक्तदाब १४०/९० च्या वर राहत असेल आणि आटोक्यात नसेल तर ही गोळी बाद.

पिरॉक्सिकॅम आणि इंडोमेथॅसिन यांना कमी गुण. पहिलीचं निम्मं औषध शरीरातून जायलाच सुमारे दोन दिवस लागतात आणि पोटाला ती फार छळते. दुसरीने वयस्कर माणसांना डोकेदुखी, चक्कर, गोंधळल्यासारखं होणं हे बरंच दिसतं. खास कारण असल्याशिवाय या नकोत.

पोटाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून इथे जरा थांबू. 'खाऊन घेतली की काही होत नाही' हा पहिला. जेवणानंतर घेतल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते, अल्सर टळत नाही. अल्सर गोळी पोटात घासल्यामुळे होत नाही, औषध रक्तात गेल्यावर अस्तराचं संरक्षण उठल्यामुळे होतो. म्हणूनच इंजेक्शन किंवा गुदद्वारातून द्यायची सपोझिटरी घेऊनही पोट वाचत नाही, आणि 'पोटात न विरघळणारं' आवरण असलेली गोळीही त्यातून सुटका नाही. अशी आवरणाची किंवा 'एसआर' (हळूहळू औषध सोडणारी) लिहिलेली गोळी तोडून किंवा चावून मात्र कधी घेऊ नका, सगळं औषध एकदम सुटतं. दुसरा गैरसमज अॅसिडिटीच्या पातळ औषधाचा. ते जळजळ दाबतं, आणि खाली जखम चालू असेल तर तिची वर्दीही दाबून टाकतं. खरं संरक्षण ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल कुळातल्या गोळीचं. ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, न्याहारीच्या अर्धा तास आधी. जळजळ झाली की एखादी घेऊन चालत नाही. सूजनाशक गोळी चालू आहे तितके दिवस ती रोज लागते.

कुणाला लागते? वय ६५ च्या वर, आधी कधी अल्सर किंवा पोटात रक्तस्राव झालेला, सोबत अॅस्पिरिन, रक्त पातळ करणारं औषध, स्टेरॉइड किंवा एसएसआरआय गटातली नैराश्याची गोळी चालू. यांतलं एक जरी लागू असेल तर पोटाच्या गोळीशिवाय सूजनाशक सुरू करू नका. आधी रक्तस्राव झालेला असेल तर निर्णय पोटाच्या डॉक्टरांचा.

हृदयासाठी छोटी अॅस्पिरिन घेणाऱ्यांनी आयब्युप्रोफेनची वेळ सांभाळावी. दोन्ही प्लेटलेटमधल्या (रक्त गोठवणाऱ्या कणांमधल्या) एकाच जागेवर बसतात. आयब्युप्रोफेन आधी जाऊन बसली तर अॅस्पिरिनला जागा मिळत नाही आणि हृदयाचं संरक्षण वाया जातं. नियम असा: साधी, आवरण नसलेली अॅस्पिरिन आधी आणि आयब्युप्रोफेन किमान अर्ध्या तासाने, किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यावर आठ तासांनी अॅस्पिरिन. हे एखाद्या दिवसापुरतं जमतं. दिवसातून तीनदा आयब्युप्रोफेन घेणाऱ्याला हे वेळापत्रक पाळणं जवळपास अशक्य असतं, त्याने डॉक्टरांकडून औषधच बदलून घ्यावं.

मूत्रपिंडाची इजा दुखत नाही म्हणून उशिरा कळते. सगळ्यांत वाईट तिकडी म्हणजे रक्तदाबाची 'प्रिल' किंवा 'सार्टन' शेवट असलेली गोळी (एनालाप्रिल, टेल्मिसार्टन), लघवी वाढवणारी गोळी आणि वरून सूजनाशक. टेल्मिसार्टनसारख्या गोळीत लघवी वाढवणारं औषध अनेकदा एकाच गोळीत मिसळलेलं असतं, त्यामुळे घेणाऱ्याला आपण दोन घेतोय हेच ठाऊक नसतं. अशा माणसाला उलट्या-जुलाब लागले, ताप आला, पाणी पोटात राहीना, तर सूजनाशक त्याच दिवशी बंद, आणि बाकीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारणं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना सूजनाशक सुरू केली तर दोन आठवड्यांच्या आत रक्तदाब मोजा आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. घोटे सुजले, दोन-चार दिवसांत वजन झपकन वाढलं, तर शरीरात पाणी साठतंय असं समजा. आधीच मूत्रपिंड बरंच कमी काम करत असेल तर या कुळातली कोणतीही गोळी नको. मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांनीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नये, या गोळ्यांमुळे ते रक्तात साठतं. मेथोट्रेक्सेटसोबत आमवातात (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या संधिवातात) या गोळ्या दिल्या जातात, पण रक्ततपासण्या वेळेवर होत असतील तरच.

नियमात चालणाऱ्या माणसालाही फसवणारी गोष्ट म्हणजे दुहेरी मात्रा. ब्रँडचं नाव वेगळं, आत औषध तेच. सर्दी-तापाची मिश्र गोळी, पाळीच्या दुखण्याची मेफेनॅमिक अॅसिड, दातदुखीसाठी मिळालेली केटोरोलॅक, पाठ आखडली म्हणून स्नायू सैल करणाऱ्या औषधासोबतची अॅसिक्लोफिनॅक, या सगळ्या एकाच कुळातल्या. दोन एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. स्ट्रिप उलटी करा आणि ब्रँडच्या खाली बारीक अक्षरांत छापलेलं नाव वाचा. पॅरासिटामॉल या कुळातली नाही, ती सोबत चालते, पण मिश्र गोळीतलीही धरून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन कमी असेल किंवा यकृत बिघडलेलं असेल तर त्याहून कमी. गोळी खातच असाल तर डायक्लोफिनॅकची जेलही डॉक्टरांना विचारूनच लावा.

गोळी घेताना पेलाभर पाणी, बसून किंवा उभं राहून. घेतल्या घेतल्या आडवं झालं की ती अन्ननलिकेत अडकून तिथेच जखम करते. दुखणं पहिल्या काही तासांत उतरायला लागतं, सूज उतरायला मात्र दोन-तीन आठवडे लागू शकतात. तेवढ्यात काहीच फरक नसेल तर त्या गोळीत दुसरी मिळवू नका, ती बंद करून दुसरी आजमावा. एका गोळीला दाद न देणारा सांधा दुसरीला देतो, हे अगदी नेहमीचं आहे.

किती दिवस हे दुखण्याच्या जातीवर आहे. झिजेत वाईट दिवसांपुरती, गाउटमध्ये झटका ओसरेपर्यंत. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये (पाठीचा कणा आखडवणाऱ्या संधिवातात) डॉक्टर ती सलग देऊ शकतात. आमवातात ही गोळी दुखणं झाकते, सांध्याची हानी थांबवत नाही. ते काम मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांचं, आणि 'बरं वाटतंय' म्हणून ती सोडून नुसती वेदनाशामक चालू ठेवणं हा सांधा वाकडा होण्याचा हमखास मार्ग आहे. अॅस्पिरिन किंवा अशा गोळीने कधी दमा उसळला असेल तर या कुळाच्या वाटेला जाऊ नका. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नको.

डांबरासारखी काळी, चिकट शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, छातीत दुखणं, धाप, एका बाजूची ताकद जाणं, बोलताना अडखळणं, चेहऱ्यावर सूज, अंगावर फोड येऊन सोलणारी त्वचा: यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी न घेता थेट दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती लोहाने काळी की रक्ताने हे घरी ठरवत बसू नये. अल्सर कित्येकदा आधी न दुखताच फुटतो, तेव्हा 'पोटात तर काही त्रास नव्हता' यावर विसंबण्यात अर्थ नाही.

सूजनाशक गोळी हळूहळू कमी करत सोडावी लागत नाही, एका दिवसात बंद करता येते. फक्त तिच्यासाठी चालू केलेली ओमेप्राझोल मात्र लोक वर्षानुवर्षं विसरून घेत राहतात. मूळ गोळी थांबली की तीही थांबवायची का, हे त्याच भेटीत विचारून घ्या. बरेच महिने घेतली असेल तर सोडल्यावर आठ-पंधरा दिवस जळजळ वाढते. ती तात्पुरती असते, तेवढ्यावरून पुन्हा सुरू करायची घाई करू नका.